शनिवारवाड्याजवळच्या घराची दुरुस्ती: परवानगीचा माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात आमच्या घराच्या मधल्या खणातील तुळईला वाळवी लागल्याचे लक्षात आले. बोट टेकवले तरी भुगा हातात येत होता आणि कडीपाट दोन टेकूंवर तोलून धरावा लागला होता. शेजारच्या काकांनी आपुलकीने सुचवले, "चार दिवसांत उरकून टाका, कोण विचारतंय!" घर शनिवारवाड्याच्या इतके जवळ नसते, तर कदाचित मीही तेच केले असते.

1958 च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यात 2010 मध्ये झालेल्या सुधारणेनुसार केंद्र संरक्षित स्मारकाभोवतीचा 100 मीटरांचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढील 200 मीटरांचा विनियमित, म्हणजे परवानगी घेऊनच बांधकाम करता येणारा, असतो. हे अंतर स्मारकाच्या भिंतीपासून नव्हे, तर संरक्षित हद्दीपासून मोजतात, हे मला ठाऊक नव्हते. मोजणीनंतर आमचे घर प्रतिबंधित पट्ट्यात निघाले. तेथे 16 जून 1992 पूर्वीपासून उभ्या असलेल्या इमारतीच्या मालकाला दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. आजोबांच्या ट्रंकेत जपून ठेवलेल्या मिळकतकराच्या पावत्या त्यासाठी उपयोगी पडल्या.

तरीही पहिला अर्ज परत आला, कारण नकाशा करून देणाऱ्याने त्यावर 'पुनर्बांधणी' असे लिहिले होते. एका शब्दापायी दीड महिना गेल्याचा मला फार राग आला. मात्र कायद्यातील व्याख्या वाचल्यावर अडवणुकीमागचे कारण पटले: दुरुस्तीत नवे बांधकाम किंवा पुनर्बांधणी येत नाही, आणि हा भेद सैल सोडला, तर दुरुस्तीच्या नावाखाली जुनी घरे पाडून तटाला खेटून मजले चढतील. 1828 च्या आगीत पेशव्यांचा लाकडी वाडा जळाला. तट, बुरूज आणि दरवाजे तेवढे उरले, आणि आमच्या माडीवरून दिसणारा दिल्ली दरवाजा झाकला जावा असे मला मुळीच वाटत नाही.

दुसरा अर्ज 15 दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जाणे, तेथून दोन महिन्यांत शिफारस येणे आणि त्यानंतर महिन्याभरात निर्णय होणे, अशी कायद्याची मुदत आहे. टेकूंखाली झोपणाऱ्या कुटुंबाला ती फार लांब वाटते. धोकादायक घरांसाठी वेगळी, जलद वाट असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उंची व क्षेत्रफळ न वाढवण्याच्या अटीवर मे महिन्यात परवानगी मिळाली. सुताराने जुन्या तुळईचे माप घेऊन सागवानी तुळई चढवली आणि पहिल्या पावसाआधी आम्ही टेकू काढले.