उजवी टाच

बाबांची वारी एवढीच असायची. आषाढी एकादशीला पहाटे इंदूरच्या रामबागेतून निघायचं, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून पंढरीनाथाच्या देवळात. "एकदा खऱ्या पंढरीला पायी जायचंय," हे दरवर्षी. चैत्रात ते गेले. ज्येष्ठात मी इंदूरहून पुण्याची गाडी धरली आणि आळंदीला एका दिंडीत नाव लिहिलं.

पहिल्या दिवसांचा आठवतो तो वैताग. टँकरपुढची ढकलाढकली, पहाटे तीनला तंबू उपसायची घाई, ओल्या लुगड्यांचा वास. दिवेघाटातून लक्षात राहिला तो फक्त पुढच्या बाईच्या डोक्यावरच्या तुळशीचा हलणारा शेंडा. जेजुरीला भंडारा अंगावर पडला. नीरेला पादुकांचं स्नान झालं.

लोणंद सोडल्यावर टाच पेटली. चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण लागलं, माणसं घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावली, आणि मी कडेला बूट काढून बसले. रुपयाएवढा फोड, आत पाणी डचमळत होतं. आमच्याच दिंडीतल्या परभणीकडच्या एक आजी मागून आल्या. खाली बसल्या, माझा पाय ओढून मांडीवर घेतला. मी ओशाळून मागे घ्यायला लागले, तर म्हणाल्या, "हलू नको." कनवटीच्या पिशवीतून सुई काढली, काळा दोरा ओवला, त्याला खोबरेल चोळलं. फोडाच्या या बाजूनं सुई घातली, त्या बाजूनं काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं दातांनी तोडली. "दोरा काढू नको माय. पाणी आपलं आपण निघून जातंय."

मला रडू फुटलं. शेवटचे तीन महिने बाबा रोज रात्री विचारायचे, "पाय चेपतेस का जरा?" मी चेपायचे, पण नजर घड्याळावर. पाच मिनिटं झाली की मीच म्हणायचे, "पुरे ना आता?" ते हो म्हणायचे. एकदाही नाही म्हणाले नाहीत.

आजींना हे सगळं सांगितलं. त्यांनी फक्त बाबांचं नाव विचारलं. त्या दिवसापासून रात्री हरिपाठ संपला की जमिनीला डोकं टेकताना आपल्या माणसांच्या नावांमागोमाग त्या बाबांचंही नाव घ्यायच्या. इंदूरबाहेर ते नाव कुणी घेतल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

बरडला शेजारच्या दिंडीतले एक आजोबा पहाटे गेले. "वाटेवर गेला, सोनं झालं," आजी म्हणाल्या. मला संताप आला. आजोबांची सून तिथे हंबरडा फोडत होती. दिवसभर मी आजींशी बोलले नाही. संध्याकाळी पाहिलं तर त्याच सुनेला जवळ घेऊन त्या भाकरीचा एकेक तुकडा भरवत होत्या.

पंढरपुरात कळसाचं दर्शन घेतलं. अहिल्याबाईंचा होळकर वाडा पाहून माहेर भेटल्यासारखं झालं. पण मला सांगायची आहे ती त्याआधीची वाखरीची रात्र. पाऊस तंबूवर वाजत होता. आजी आडव्या झाल्या आणि मी त्यांचे पाय चेपायला घेतले. तळवे भेगाळलेले, घोटे सुजलेले, एका बोटाला नखच नाही. घड्याळ पिशवीत होतं.

"पुरे गं माय, नीज आता," त्या झोपेतच पुटपुटल्या.

मी दुसरा पाय घेतला.