तुम्ही विचारलंत म्हणून: पश्चिमेकडेच का?

"मॅडम, हिंदू धर्म आणि इस्लाम यांत खरा फरक काय? आणि ही भांडणं मिटत का नाहीत?"

संतसाहित्य शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. वर्गात विचारतात, व्याख्यानानंतर चहा घेताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेलं कुणी विचारतं. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून बहुतेक वेळा कळतं की त्याला कोणतं उत्तर हवंय. कुणाला ऐकायचं असतं की सगळे धर्म शेवटी एकच सांगतात. कुणाला ऐकायचं असतं की यांचं आणि आपलं कधी जमायचंच नाही. मला यातलं कुठलंच पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फरक आहेत, आणि ते मुळापर्यंत जातात. इस्लामचा पाया तौहीद, म्हणजे अल्ला एकच आणि त्याच्या बरोबरीचं कुणी नाही. त्याच्या शेजारी दुसऱ्या कुणाला बसवणं म्हणजे शिर्क, सगळ्यांत मोठं पाप. इकडे प्राणप्रतिष्ठा झाली की पाषाणात देव येतो, त्याला न्हाऊ-माखू घालायचं, जेवू घालायचं, निजवायचं. विठ्ठलाला शिणवटा आला म्हणून काढा देणारी माणसं आपण. देवाशी एवढी सलगी आपल्याला भक्ती वाटते आणि श्रद्धावान मुसलमानाला ती मान्य होणं अवघड आहे. "अहो, नावं वेगळी, देव एकच" असं आपण मोठ्या मनाने म्हणतो, पण ही भूमिकाच मुळात आपल्या परंपरेतली आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. समोरच्याला ती आपोआप मान्य असेल असं धरून चालणं हाही त्याचं न ऐकणंच झालं.

मरणाचं घ्या. आपल्याकडे आत्मा जुनं वस्त्र टाकून नवं घेतो, म्हणून देह जाळला तरी चालतो. त्यांच्याकडे जन्म एकच, कयामतच्या दिवशी त्याच देहानिशी उठायचं आणि हिशेब द्यायचा, म्हणून देह मातीला सोपवायचा. स्मशान आणि कब्रस्तान यांच्या मध्ये जी भिंत असते तिच्यामागे एवढा विचार उभा आहे.

जातीबद्दल मात्र दोन्हीकडच्यांनी जपून बोलावं. मशिदीत मालक आणि हमाल एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात, हे इस्लामचं मोठं देणं आहे आणि ते आपल्या देवळांना शतकानुशतकं जमलं नाही. पण मशिदीबाहेर अश्राफ म्हणजे उच्चकुलीन आणि पसमांदा म्हणजे मागास हा भेद आहेच, आणि सोयरीक जुळवताना आपल्या महाराष्ट्रातले बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारीही आपापली बिरादरी बघतात.

आता भांडणाकडे येते. शिर्क आणि सगुणभक्ती यांवरून कुणी दगड उचलल्याचं माझ्या वाचनात तरी नाही. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत दंगल पेटली तेव्हा गोरक्षणाच्या चळवळीने आधीच वातावरण तापलं होतं. पुण्यात मशिदीपुढे वाजंत्री वाजवायची की नाही, यावरून तेढ वाढली. त्याआधी पुण्यातले हिंदू मोहरमच्या ताबुतांत हौसेने सामील होत. सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला आणि ती ये-जा आटली. मिरवणूक, गाय, भोंगा, जागा, मतं, अफवा: भांडण इथून सुरू होतं आणि मग धर्माचं नाव घेतं.

इतिहासाचंही ओझं आहे, ते नाकारू नये. देवळं फुटली हे खरं आहे, जिझिया होता हेही खरं. पण त्याचा जाब आज कुणाला विचारायचा? कोपऱ्यावर फळं विकणाऱ्या बागवानाला? गावोगावच्या जत्रेत देवाचा बोकड कापायला पिढ्यानपिढ्या मुलाण्यालाच बोलावणं जायचं. तो गावगाड्यातला हक्काचा माणूस, त्याचं बलुतं ठरलेलं. त्याच्या नातवाला "तुम्ही कुठून आलात?" असं विचारताना आपली जीभ अडखळायला हवी.

आता माझ्या खऱ्या उत्तराकडे येते, आणि ते माझं नाही, पैठणच्या एकनाथांचं आहे. नाथांचा काळ १५३३ ते १५९९. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर सुलतानाच्या चाकरीत होते, आणि जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले हे सूफी होते, असं परंपरा सांगते. नाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' रचला. त्यात तुर्क, म्हणजे मुसलमान, दखनी (दख्खनची उर्दू) बोलतो, हिंदू मराठी बोलतो, आणि दोघं एकमेकांना अजिबात सोडत नाहीत. तुर्क म्हणतो, तुम्ही वेगवेगळे जेवता, एकाचं शीत दुसऱ्याच्या पानात पडलं तर नरडं धरता. हिंदू म्हणतो, देव सगळीकडे आहे ना, मग तोंड पश्चिमेकडेच का? पाच वेळा खुदाच्या, मग बाकीचा वेळ काय चोरीला गेला? दगडाला हसता, मग थडग्यावर दगड ठेवून फुलं कशी वाहता? आणि सगळ्यांत धारदार सवाल: हिंदूला तुम्ही मुसलमान करता, म्हणजे त्याला हिंदू घडवताना देव चुकला का?

दरवर्षी मी हा संवाद वर्गात वाचून घेते. पात्रं चिठ्ठ्या टाकून ठरतात. एका वर्षी तुर्काची चिठ्ठी एका वारकरी घरातल्या मुलाला आली आणि हिंदूची एका मुसलमान मुलीला. मुलगा पहिल्या ओळींत दखनीवर अडखळला, तशी तीच त्याला उच्चार सांगायला लागली, "अरे, माझी आजी असंच बोलते." पुढे देवांची टवाळी आली, तेव्हा त्याने पुस्तकातून मान वर काढून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वाच. नाथांनी लिहिलंय." त्याने वाचलं, कान लाल झालेले. मग तिची पाळी आली. पाच वेळांचा टोमणा वाचून ती थांबली. वर्गात पंखा तेवढा ऐकू येत होता. ती हळूच म्हणाली, "याचं उत्तर आहे माझ्याकडे, पण आधी पूर्ण वाचते."

संवादाच्या शेवटी दोघं मिठी मारतात. चारशे वर्षांपूर्वी लिहिलेली ही मिठी मला भाबडी वाटत नाही, कारण तिच्याआधी दोघांनी मनातलं सगळं ओकलेलं असतं, आणि तेही तोंडावर, पाठीमागे नाही.

हे पुस्तकापुरतंच राहतं असं म्हणाल तर भिवंडी बघा. यंत्रमागांचं गाव, १९७० आणि १९८४ मध्ये होरपळलेलं. १९८८ पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही, मोहल्ल्यातलीच साधी माणसं, आणि त्यांच्याबरोबर पोलीस शिपाई. नळाचं पाणी, गटार, नवरा-बायकोचं भांडण, असलेच विषय असायचे. पण त्या निमित्ताने महिन्यामागून महिने लोक समोरासमोर बसत होते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती. त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा ९०० आहे, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. मुंबईच्या इतक्या जवळची भिवंडी त्या दिवसांत शांत राहिली. अफवा आली की खरं-खोटं करायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचं माणूस होतं.

ते आज किती जणांकडे आहे? घरभाड्याची पाटी लागते आणि आडनाव ऐकून जागा "गेली" म्हणून सांगितली जाते. वस्त्या वेगळ्या झाल्या, मुलांच्या शाळा वेगळ्या झाल्या. एकमेकांबद्दलचं ज्ञान आता मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओंतून येतं, आणि व्हिडिओला उलट प्रश्न विचारता येत नाही. याचं मला मनापासून भय वाटतं. दंगलीपेक्षाही जास्त.

त्या तासानंतर वारकरी मुलगा आणि ती मुलगी पायरीवर बसून बराच वेळ वाद घालत होते. मी मध्ये पडले नाही. पुढच्या आठवड्यात निबंधाच्या वह्या आल्या. त्या मुलाने 'पश्चिमेकडेच का?' असं शीर्षक देऊन लिहिलं होतं की, देव पश्चिमेला आहे असं ते मानत नाहीत. मक्केतला काबा इथून पश्चिमेला पडतो, म्हणून आपल्याकडचे पश्चिमेकडे वळतात. आफ्रिकेत पूर्वेकडे तोंड करून नमाज पढणारेही आहेत. जगभरातल्या सगळ्यांची तोंडं एका ठिकाणाकडे असावीत, एवढंच. खाली त्याने कंसात लिहिलं होतं: "हे मला तिने सांगितलं. तिने मला विचारलं की वारीत पालखीत पादुकाच का असतात. मला नीट सांगता आलं नाही, आजोबांना विचारून सांगतो म्हटलंय."