लाईट आल्यावर घ्या

साउंड रेकॉर्डिस्टला शूटिंगवर हमखास ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे, "ते मागचं जरा घालवता येईल का?" मागचं म्हणजे पंखा, कुत्रं, शेजारचा कुकर, रिक्षा. माणसाचं बोलणं तेवढं ठेवायचं, बाकी पुसायचं. इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये मात्र मला मागचंच आणायला धाडलं होतं. माहितीपटाचं चित्रीकरण आधीच उरकलेलं. निवेदनाखाली घालायला दोनेक मिनिटांचा खडखडाट हवा होता. दिग्दर्शकाच्या लेखी तासाभराचं काम. मी मालकाची परवानगी घेतली ती अख्ख्या दिवसपाळीची.

कारण या आवाजांचं मला खूळ आहे. फ्रेंच रेडिओतल्या पिएर शेफेर या इंजिनियरनं १९४८ साली पॅरिसच्या बाटिन्योल स्टेशनावरून वाफेच्या इंजिनांचे आवाज तबकड्यांवर उतरवून आणले आणि त्यांचे तुकडे जुळवून एक रचना रेडिओवरून ऐकवली. टेप अजून त्याच्या हातात नव्हती. तबकडीची खाच गोल बंद केली की तोच तुकडा फिरून फिरून वाजतो, एवढ्या युक्तीवर त्यानं बरंच काही केलं. त्याचं पुढचं म्हणणं असं, की आवाज नुसता आवाज म्हणून ऐका, तो कशाचा आहे ते विसरा. कॉलेजात असताना मला हे फारच पटलं होतं.

शेड पत्र्याची, चोवीस साधे माग. दारातून आत पाऊल टाकलं की आवाज कानावर पडत नाही, छातीवर पडतो. मीटरचा काटा १०० डेसिबलच्या आसपास. कायद्यानं आठ तासांच्या पाळीला ९० ची मर्यादा आहे. आत कुणी कुणाशी बोलत नाही. बोट, भुवया आणि ओठ यांच्यावर काम चालतं. माइकच्या फोमवर बघता बघता सुताची तूस चढली.

आधी मी एकाच मागाजवळ बसलो. लांबून जी खडखड वाटते तिच्यात जवळून तीन वेगळे घाव आहेत. आडवा धागा घेऊन धावतो तो धोटा. लाकडी दांडा त्याला हाणतो तो कोरडा 'खट्'. धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून पलीकडे जाऊन पेटीत बसतो तो जड 'ठप्'. आणि फणी बाण्याचा आडवा धागा आत ठोकते तो मऊ, रुंद 'धप्प'. हे मिनिटाला दीडशेच्या घरात. प्रत्येक धाग्याला एक पीक म्हणतात आणि कामगाराची मजुरीही पिकावरच मोजतात, म्हणजे हा ठेका म्हणजे शब्दशः पैसे.

मग माइक दोन मागांच्या मधे उभा केला. कोणतेही दोन माग अगदी एका गतीनं चालत नाहीत. एक १५० नं आणि दुसरा १५२ नं चालला, तर दर अर्ध्या मिनिटाला त्यांचे घाव एकमेकांवर येतात आणि पुन्हा सुटतात. सुटताना मधल्या फटीत तिसराच ठेका उगवतो, जो कुठलाच माग वाजवत नसतो. स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकारानं १९६५ मध्ये एकाच भाषणाच्या दोन टेप अशाच हळूहळू सरकू देऊन रचना केली, त्या तंत्रावर पुढे पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली. इथे तेच चोवीस मागांवर चाललं होतं, आणि दाद द्यायला कुणाला फुरसत नव्हती. अर्थात याला संगीत म्हणणं मला परवडतं. मी संध्याकाळची एसटी धरणार असतो.

दुपारी लाईट गेली. चोवीस माग एकदम थांबत नाहीत. कुणी दोन घाव जास्त मारतो, कुणी अर्ध्यातच धोटा धरून बसतो. मग कुणीतरी ओरडून बोललं, कारण ओरडून बोलायची सवय लगेच जात नाही. चहा आला. जॉबर मामा माझ्या शेजारी टेकले. हयात मागदुरुस्तीत गेलेली.

"ह्यात ऐकन्याजोगं काय हाय वो?"

मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला आणि सकाळचं लावलं, आवाज बराच कमी ठेवून. मामांनी डोळे मिटले नाहीत की मान डोलावली नाही. थोड्या वेळानं डावा कान दाबून धरला.

"ह्यो दाराजवळचा. पट्टा ढिला पडलाय. धोटा उशिरा पोचतोय."

चहा तसाच ठेवून ते उठले, त्या मागाचा चामडी पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला आणि पाना घेऊन आवळायला लागले. मी तोच तुकडा पुन्हा लावला. डावीकडचा 'ठप्' खरोखरच किंचित मागे पडत होता. सकाळपासून मी तो ऐकत होतो आणि मला तो लयीतला गोड हेलकावा वाटला होता. शेफेरला हा हेलकावाच आवडला असता. पण आवाज कशाचा आहे ते न विसरता मामांना त्यात माझ्यापेक्षा जास्त ऐकू येत होतं, आणि त्या दुपारपासून त्याची ती अट मी मानत नाही.

"मामा, कान एवढा तयार आहे तुमचा!"

"कुठला तयार! फोनवर पोरगी काय बोलती ते समजत न्हाई मला. बायकोला द्यावा लागतोय. मागाचं तेवढं ऐकू येतंय."

यावर मला काही बोलता आलं नाही. मामाच म्हणाले, "सकाळी घेतलंय ते सगळा कालवा हाय. लाईट आल्यावर घ्या. तवा कळंल."

लाईट आली तेव्हा रेकॉर्डर चालू होता. मोटरी आधी गुरगुरल्या. मग दाराजवळचा माग लागला, एकटाच, आणि त्याचे तिन्ही घाव स्वच्छ सुटे. मग पलीकडचा. मग समोरच्या ओळीतले दोन. एक कामगार एका मागाचा चालू करायचा दांडा ओढून पुढच्याकडे चालत जातो, धागा तुटलेला असला तर गाठ मारायला थांबतो, त्या चालण्याथांबण्यानं पुढचा प्रवेश ठरतो. सात-आठ मागांपर्यंत मला प्रत्येक वेगळा मोजता येत होता. त्यानंतर मोजणं सुटलं आणि पत्रा वाजायला लागला.

माहितीपटात त्यातले चाळीसेक सेकंद आले, तेही निवेदनाखाली दबून. पूर्ण रेकॉर्डिंग मी पेनड्राइव्हवर मामांना पाठवलं. त्यांचा व्हॉइस मेसेज आला: "घरात लावलं तर बायको म्हनली बंद करा, दिवसभर ऐकून पोट भरत न्हाई व्हय? पर त्यो एकेक माग लागतोय त्यो भाग झकास हाय. तेवढाच कापून मोबाइलवर धाडा." मूळ फाइल व्हॉट्सॲपवर जाईना, म्हणून एमपीथ्री करून धाडली.