माझा अनुभव: टाळूचा फोटो आणि विम्याचं अपील

लेकीचे खालचे पुढचे दात वरच्या टाळूत रुततात. घास चावला की रुततात, झोपेत दात आवळले की रुततात. टाळूवर दोन लालभडक व्रण झाले होते. तरी विमा कंपनीचं म्हणणं, गुण पुरेसे नाहीत, सबब दात सरळ करायच्या तारा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाहीत.

गुणांची भानगड अशी. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो आणि नवऱ्याच्या नोकरीतल्या विम्यात मुलांच्या तारांसाठी मेडी-कॅलचाच, म्हणजे इथल्या कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचाच, तक्ता लावतात. दात किती मिलीमीटर पुढे, किती खोल, किती दाटीवाटीने, याचे गुण मांडायचे आणि बेरीज 26 झाली तर मंजुरी. लेकीची तेवढी होत नव्हती. पण त्याच फॉर्मच्या सुरुवातीला काही चौकटी असतात: दुभंगलेली टाळू, वरचे दात 9 मिलीमीटरपेक्षा जास्त पुढे, खालच्या दातांनी टाळूला झालेली जखम वगैरे. यातली एक जरी लागू पडली तरी बेरजेचा प्रश्नच उरत नाही. आमच्या डॉक्टरांनी टाळूच्या चौकटीत खूण केलेली होती. मग नकार कसा?

हेच विचारायला फोन केला आणि घोडं तिथेच अडलं. कंपनी म्हणे दवाखान्याला विचारा, दवाखाना म्हणे आम्ही सगळं पाठवलंय, कंपनीला विचारा. दर वेळी नवा माणूस, पुन्हा लेकीची जन्मतारीख, पुन्हा ते होल्डवरचं संगीत, आणि शेवटी "फाइल रिव्ह्यूमध्ये आहे." अहो, नकाराचं पत्र माझ्या हातात आहे, आता कसला रिव्ह्यू? एकीने तर गोड आवाजात ऐकवलं की दिसायला छान दिसावं म्हणून तारा असतील तर कव्हर होत नाहीत. मी म्हटलं, बाई, टाळू कुणाला दिसते?

शेवटी फोनचा नाद सोडला आणि लेखी मागणी केली: नकार देताना जे जे कागद पाहिले त्या सगळ्यांच्या प्रती द्या. हा आपला हक्क आहे आणि प्रती फुकट द्याव्या लागतात. पाकीट आलं. त्यात एक्स-रे होता, समोरून आणि बाजूंनी काढलेले फोटो होते, आणि प्रत्येक फोटोत ओठ मागे ओढून दात घट्ट मिटलेले. टाळूचा फोटो एकही नाही! जखमेचा पुरावा दिसत नाही म्हणून तपासणाऱ्याने ती चौकट बाजूला ठेवून नुसती बेरीज धरली होती. एवढं एक वाक्य फोनवर सांगायला काय जात होतं यांचं?

पुढचं भराभर झालं. डॉक्टरांनी तोंडात आरसा धरून टाळूचे फोटो काढले आणि नवं पत्र दिलं. पत्रात "मुलीला फार त्रास होतो" एवढंच लिहून चालत नाही. कुठला दात, कुठे लागतो, जखम केवढी, हे हवं. नकारानंतर अपीलला 180 दिवस असतात, आणि अपील पहिल्या नकारवाल्याच्याच टेबलावर जाता कामा नये. निर्णय 30 दिवसांत यायला हवा. नाही आला किंवा पुन्हा नकार आला, तर इथल्या डिपार्टमेंट ऑफ मॅनेज्ड हेल्थ केअरकडे, म्हणजे आरोग्य विम्याच्या योजनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, स्वतंत्र तपासणी मागता येते, तीही फुकट. दातांचा विमा वेगळा घेतलेला असेल तर मात्र ही सोय लागू आहे का, ते आधी बघा.

आम्हाला तिथवर जावं लागलं नाही, अपीलातच मंजुरी मिळाली.

हो, एक राहिलंच. मंजुरीआधी तारा बसवू नका. सुरू झालेल्या उपचाराचे पैसे द्यायला कंपन्या हमखास खळखळ करतात. आणि दवाखाना "आम्ही पाठवतो" म्हणाला तरी काय काय पाठवलं त्याची यादी मागून घ्या, फोटोंसकट.