शांततेची वही: तिसरा महिना, 14 चित्रपट

मंडळी, वही भरत चालली आहे. यंदा ठरवल्याप्रमाणे प्रत्येक चित्रपटात मी एवढंच टिपतोय, की आवाज कुठे थांबतो आणि थांबल्यावर माझं काय होतं. मी अभ्यासक नाही, तिकीट काढून बघणारा साधा प्रेक्षक आहे. पण या एका सवयीने माझी आवडनिवड बरीच हलली.

सुरुवात भयपटाने केली, कारण तो प्रकार मी कायम टाळत आलो. 'तुंबाड' आधी मोबाइलवर पाहिला होता आणि ठीकठाक वाटला होता. सप्टेंबर 2024मध्ये तो पुन्हा थिएटरला लागला तेव्हा मोठ्या पडद्यावर पाहिला, आणि आता वहीसाठी तिसऱ्यांदा. त्या वाड्यावर पाऊस थांबतच नाही. तासभर तो कानात मुरतो. मग नायक विनायक दोर धरून खाली उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे धरतो, आणि पाऊस वरच राहिलेला असतो. मला भीती हस्तर या राक्षसाची वाटली नाही, पाऊस नसण्याची वाटली. दचकवणारे भयपट मला अजूनही आवडत नाहीत, हा मात्र आवडता झाला.

विनोदी: 'अशी ही बनवाबनवी' (1988). इथे शांतता कुठली, असं वाटलं होतं. पण अशोक सराफ बघा. समोरचा बोलून झाला की उत्तर द्यायच्या आधी ते क्षणभर नुसते बघतात. हसू तिथेच फुटतं, वाक्य नंतर येतं. लक्ष्मीकांत बेर्डेंची धांदल त्या थांबण्यामुळेच खुलते.

'कट्यार काळजात घुसली' (2015): गाणी अप्रतिम, गोष्ट मला जरा भडक वाटली. तरी गाण्यांच्या चित्रपटात गवयाचाच आवाज जातो, ही कल्पना फार मोठी आहे.

आता 'सैराट'. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा. 2016 साली आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये पोरं 'झिंगाट'ला खुर्च्यांवर चढून नाचली होती. शेवटी ते लेकरू रडत बाहेर जातं, फरशीवर त्याची लाल पावलं उमटतात आणि पडद्यावर आवाजच नसतो. त्या वेळी आमच्या टॉकीजमधल्या भिंतीवरच्या पंख्यांची घरघर स्पष्ट ऐकू येत होती. तीच पोरं मान खाली घालून बाहेर पडली. या महिन्यात घरी पुन्हा पाहिला. अजय-अतुलच्या त्या भरगच्च वाद्यवृंदामुळेच शेवट इतका लागतो, हे आता पटलं. आधी कान भरले नसते तर रिकामे झालेले कळलेच नसते.

त्याच दिग्दर्शकाच्या 'फँड्री'त उलटं घडतं. तिथे माणसं गप्प होतात ती आवाज सुरू झाल्यामुळे. शाळेत राष्ट्रगीत लागतं आणि डुकरामागे धावणारं अख्खं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर तेवढं निघून जातं. हे दृश्य मी सलग तीनदा मागे नेऊन पाहिलं. त्या कुटुंबातल्या मुलाच्या, जब्याच्या, बापाच्या, म्हणजे किशोर कदमांच्या, चेहऱ्यावर राग नसतो, फक्त हातचं गेल्याची चुटपुट असते. मराठीत यापेक्षा नेमकं दृश्य मी अजून पाहिलेलं नाही.

'कोर्ट' (2014) पहिल्यांदा अर्धवट सोडला होता, संथ म्हणून. या वेळी पूर्ण पाहिला. सुट्टी लागते, कोर्टातले दिवे एकेक करून विझतात आणि पडदा काळा होतो. मला वाटलं संपला. संपत नाही. पुढचं सांगत नाही, पण संथपणाबद्दलची माझी तक्रार मी मागे घेतली आहे.

पुढच्या महिन्यात राजकीय: 'सामना' आणि 'सिंहासन'. दोन्हींत डॉ. लागू आणि निळू फुले आहेत. 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू बोलतो कमी, ऐकतो जास्त, म्हणून त्याच्यासाठी दोन पानं आधीच मोकळी ठेवली आहेत.