वळिवडे टाइमलाइन, नोंद सातवी: बराकी रिकाम्या कधी होतात?

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहून बसलो होतो की १९४६ चा भाग पंधरा दिवसांत हातावेगळा करतो. त्याला तीन महिने झाले. १९४६ तसंच पडून आहे, १९४५ पुन्हा उसवावं लागलं आणि नकाशाचे दोन थर चक्क टाकून दिले. पण एक जुनी गाठ सुटली आहे, म्हणून ही नोंद.

मधूनच वाचायला लागलेल्यांसाठी: ही टाइमलाइन म्हणजे खऱ्या इतिहासातली एक घटना बदलून पुढचं सगळं कल्पनेने रचत जाणं. म्हणून खरा इतिहास आधी सांगतो. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं उचलून सायबेरिया, कझाकस्तानात टाकली. ३० जुलै १९४१ च्या पोलंड-सोव्हिएत सिकोर्स्की-माइस्की करारामुळे त्यांची सुटका झाली, आणि १९४२ मध्ये जनरल आंदेर्सच्या पोलिश सैन्याबरोबर त्यातले काही कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. पुरुष लढायला गेले. बायका-मुलं पांगली: कोणी पूर्व आफ्रिकेत, कोणी न्यूझीलंडला, कोणी मेक्सिकोला, आणि काही आपल्याकडे. नवानगर संस्थानात बालाचडीला मुलांची वसाहत झाली, कोल्हापूरशेजारी वळिवड्याला कुटुंबांची. वळिवड्याचा कॅम्प १९४३ ते १९४८ चालला. सुमारे पाच हजार माणसं, शाळा, चर्च, दवाखाना, स्काउटची पथकं, सगळं होतं. ते गेले आणि सिंधमधून आलेली कुटुंबं त्याच बराकींत राहायला आली. तेच आजचं गांधीनगर.

माझ्या टाइमलाइनचा प्रश्न पहिल्या दिवसापासून एकच आहे. या लोकांना परत जायला गाव उरलं असतं तर?

फाटा कुठे फोडायचा, म्हणजे खरा इतिहास नेमका कुठे बदलायचा, यावरच पहिले सहा महिने गेले होते. सुरुवातीची कल्पना फारच गोड होती: कोल्हापूर दरबार पोलिशांना कायमचे रयत म्हणून ठेवून घेतो. ती का टाकली हे लिहून ठेवतो, कारण ही कल्पना दर दोन-तीन महिन्यांनी कोणाला तरी सुचतेच. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी नरेंद्र मंडळाचे, म्हणजे संस्थानिकांच्या सभेचे, चॅन्सलर होते, लंडनच्या युद्धमंत्रिमंडळात जाऊन बसलेले होते. त्यांचा शब्द चालायचा. कोल्हापुरात राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० मध्ये गेले. दत्तक घेतलेले शिवाजी महाराज अगदी लहान, कारभार रीजन्सीचा, आणि ते बालराजेही सप्टेंबर १९४६ मध्ये वारले. नवे दत्तक, शहाजी महाराज, १९४७ चे. म्हणजे नेमक्या ज्या दोन-तीन वर्षांत असा धाडसी हुकूम निघायला हवा, त्या वर्षांत त्यावर सही करायला कोणी नाही. कल्पनेला हातपाय होते, डोकंच नव्हतं.

म्हणून फाटा याल्टाला नेला, रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांच्या परिषदेला. फेब्रुवारी १९४५ मध्ये तिथे रूझवेल्टने स्टालिनला खरोखरच सुचवलं होतं की ल्वूफ शहर (आजच्या युक्रेनमधलं ल्विव) पोलंडकडे राहू द्या. स्टालिनने कर्झन रेषा, म्हणजे पोलंडची पूर्व सरहद्द म्हणून आधी सुचवली गेलेली रेषा, पुढे केली. ही रेषा खुद्द पश्चिमेच्याच मुत्सद्द्यांनी आखलेली, मग आम्ही त्यांच्याहून कमी घ्यायचं का, असा त्याचा सूर होता. माझ्या टाइमलाइनमध्ये तो हो म्हणतो. स्टालिन उगाच हो म्हणत नाही, हे मला तीन जणांनी तीन वेगवेगळ्या शब्दांत ऐकवलं, आणि ते बरोबर होतं. म्हणून आता सौदा असा आहे: शहर पोलंडला, तेल मॉस्कोला. ल्वूफच्या नैर्ऋत्येला द्रोहोबिच-बोरिस्वाफचा तेलाचा पट्टा आहे. तो सोव्हिएत बाजूला ठेवला आणि प्शेमिशलपासून ल्वूफपर्यंत रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांना एक जाडसर पट्टी पोलंडला दिली. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती पट्टी काढली तेव्हा जीभ बाहेर काढल्यासारखी दिसली. सरहद्द म्हणून भयंकर, पण १९४५ च्या सरहद्दी देखण्या होत्या असं कोण म्हणेल?

आता त्या सौद्याची दुसरी बाजू, जिच्यामुळे दोन थर वाया गेले. पूर्वेला पोलंडचं कमी गेलं तर पश्चिमेला जर्मनीकडून मिळणारी भरपाईही कमी. नायसे नावाच्या नद्या दोन आहेत, आणि खऱ्या इतिहासात वाद त्यावरच होता की सरहद्द पूर्वेकडच्या नायसेवर ठेवायची की पश्चिमेकडच्या. पश्चिमेकडची ठरली. मी पूर्वेकडची घेतली. दीड महिना मी याच नादात सगळं ब्रेस्लाउ शहर जर्मनीत ठेवून लिहीत होतो, आणि मग एका रात्री लक्षात आलं की त्या हिशेबात सरहद्द ओडर नदीवरून जाते आणि शहराचे तुकडे होतात. मुख्य शहर डाव्या काठावर, म्हणजे जर्मनीत. उजव्या काठावरची उपनगरं पोलंडात. आयतं एक छोटं बर्लिन मिळालं, जे मला नको होतं. खऱ्या इतिहासात याच शहराचं व्रोत्स्वाफ झालं, ल्वूफची माणसं तिथे आली, ओसोलिनेउम ग्रंथालयाचा मोठा भाग आणि रात्सवावित्सेच्या लढाईचं ते अवाढव्य गोल चित्रही. माझ्याकडे ही सगळी मंडळी जागची हललेलीच नाहीत. त्यामुळे व्रोत्स्वाफवरचं अख्खं प्रकरण गेलं. चांगलं जमलं होतं ते.

ल्वूफ पोलंडला दिलं की सगळे सुखी, असा माझाही समज होता. पण शहर युद्धापूर्वी पोलिश-ज्यू असलं तरी आजूबाजूची खेडी युक्रेनियन. १९४३ मध्ये वोल्हिनियात युक्रेनियन बंडखोरांनी केलेल्या पोलिशांच्या कत्तली ताज्या. खऱ्या इतिहासात १९४७ मध्ये पोलिश सरकारने ‘विस्वा’ मोहिमेत सुमारे एक लाख चाळीस हजार युक्रेनियन आणि लेम्को (कार्पेथियन डोंगरातला एक समाज) लोकांना आग्नेय पोलंडमधून उचलून उत्तर-पश्चिमेला विखरून टाकलं. माझ्या जिभेसारख्या पट्टीत ती मोहीम याहून मोठी होणार, आणि पश्चिमेला त्यांना टाकायला जागा कमी असणार. हा भाग लिहायला घेतलाय, सरकत नाही. वळिवड्यातल्या बाईला घर परत देताना मी दुसऱ्या कोणाच्या तरी दाराला कुलूप लावतोय, हे एक्सेलच्या रकान्यात स्पष्ट दिसतं.

बरं, परत किती जातील? पहिल्या मसुद्यात सगळे. दुसऱ्यात निम्मे. आता चौथा हिस्सा. कारण साधं आहे. वळिवड्यातली माणसं फक्त ल्वूफकडची नव्हती. क्रेसी म्हणजे पूर्वेचा सगळा पट्टा, विल्नोपासून (आजचं व्हिल्निअस) तार्नोपोलपर्यंत. विल्नोवाल्याला ल्वूफ मिळून काय उपयोग? शिवाय सरकार कम्युनिस्टांच्या हातातलं. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, जानेवारी १९४७ च्या निवडणुकीत उघड गडबड झाली आणि त्याच वर्षी विरोधी नेता मिकोवाइचिक देश सोडून पळाला. ज्याने एकदा कझाकस्तान पाहिलाय तो ट्राम ओळखीची आहे म्हणून परत जाणार नाही. ज्यांचे नवरे-भाऊ आंदेर्सच्या सैन्यात होते त्यांना १९४७ च्या ब्रिटिश पोलिश पुनर्वसन कायद्याने इंग्लंडचं दार उघडं होतं. त्यांना मी हातही लावलेला नाही.

मग गाठ सुटली ती कुठे? तर बराकीत.

इतके दिवस मी कोण कुठे जातो याच्याच मागे होतो. पण चौथा हिस्सा जरी १९४६ च्या हिवाळ्यात गेला, तरी मोठा कॅम्प अर्धवट भरलेला राहतो, आणि अर्धवट कॅम्प कोणत्याच सरकारला परवडत नाही. खऱ्या इतिहासातही बालाचडी १९४६ मध्ये बंद करून तिथली मुलं वळिवड्याला आणली होती. माझ्याकडे वळिवड्याचीच पाळी येते. दिल्लीला सत्तांतराच्या आधी हे ओझं उतरवायचंय, टांगानिकात (आजच्या टांझानियात) टेंगेरूला मोठी पोलिश वसाहत आहेच, तेव्हा उरलेली माणसं तिकडे पाठवली. इथे मी थोडी दामटवादामटवी केली आहे, कबूल. पण एकदा ते मान्य केलं की वळिवडे १९४७ च्या उन्हाळ्यात रिकामं होतं.

आणि मग पाऊस. कोल्हापूरचा पावसाळा ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. वस्ती नसलेली बराक एका पावसाळ्यात जेवढी खचते तेवढी वस्ती असलेली दहा वर्षांत खचत नाही. त्यात दारं, खिडक्या, कौलं, नळ यांना पाय फुटतात. राहिलेलं लिलावात. दिवाळीपर्यंत तिथे जोती उरतात.

सिंधी मोठ्या संख्येने निघाले कधी? फाळणी ऑगस्ट १९४७ ची असली तरी सिंधमधला मोठा लोंढा पंजाबसारखा एका झटक्यात आला नाही. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर बोटी भरभरून मुंबईला येऊ लागल्या. खऱ्या इतिहासात त्याच वर्षी वळिवड्याचे पोलिश निघत होते. एकांचं सामान बांधून होतंय, दुसरे सामान घेऊन येतायत. छप्पर शाबूत, विहिरी वापरात, रस्ते झाडलेले. हा मेळ कोणी ठरवून घातलेला नाही. माझ्या टाइमलाइनमध्ये याल्टाला एक माणूस हो म्हणाला आणि हा मेळ सहा-आठ महिन्यांनी चुकला. गांधीनगर होतच नाही.

हे मी सगळ्यात आधी आत्याला सांगितलं. आत्या कोल्हापूरची, घरातल्या पाच लग्नांचा बस्ता तिने गांधीनगरातूनच बांधलाय, आणि माझ्या या उद्योगाला ती ‘खोट्या इतिहासाचं खूळ’ म्हणते. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग बस्ता कुठनं बांधायचा रं तुझ्या त्यात?” मी म्हटलं, आत्या, इचलकरंजी जवळ आहे. “इचलकरंजीत माग हाईत. मला दुकान पायजे, चार साड्या उलगडून दाखवणारं.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाजारपेठ माणसं करतात, जागा नाही, हे खरं. पण ही माणसं आता कुठे ठेवायची?

पहिला पर्याय कल्याण. तिथल्या लष्करी छावण्यांत खऱ्या इतिहासातही सुमारे एक लाख लोक कोंबले गेले, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजाजींनी त्याचं उल्हासनगर केलं. तिथे अजूनही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. त्यात आणखी भर घालणं सोपं आहे, म्हणूनच मला ते आळशीपणाचं वाटतं. दुसरा पर्याय पिंपरी. तिसरा कच्छ: सिंधी व्यापारी भाई प्रतापांनी सिंधू पुनर्वसन महामंडळ काढून कच्छच्या महाराव साहेबांनी दिलेल्या पंधरा हजार एकरांवर गांधीधाम उभं केलं. व्यापाऱ्याला कांडल्याचं बंदर जवळ, पण ते शहर उभं राहायला वेळ लागला, आणि माझी माणसं १९४८ च्या उन्हात मुंबईच्या धक्क्यावर उभी आहेत.

जाता जाता एक चूक मान्य करतो. सहाव्या नोंदीत मी निर्वासितांची गाडी मुंबईहून थेट कोल्हापूरला आणली होती. तेव्हा पुण्याच्या पुढे मिरज-कोल्हापूर मीटर गेज होतं. ब्रॉड गेज आलं १९७१ ला. म्हणजे पुण्याला बोचकी उतरवायची, गाडी बदलायची, पुन्हा चढवायची. एका जाणकार मित्राने हे दाखवलं, वर विचारलं की माझ्या टाइमलाइनमध्ये रूळही याल्टाला बदलले काय. दुरुस्त केलं आहे.

वाटपाच्या हिशेबासाठी पूर्व पंजाबचं सूत्र वापरून पाहिलं. हिंदू-शीख मागे टाकून आलेली जमीन सुमारे २७ लाख हेक्टर, इकडे मोकळी झालेली १९ लाख. त्यावर पुनर्वसन खात्याचे अधिकारी तरलोक सिंग यांनी ‘प्रमाण एकर’ काढला, म्हणजे जेवढ्या जमिनीत दहा-अकरा मण धान्य पिकतं तेवढी जमीन एक एकर धरायची, मग प्रत्यक्षात ती कितीही भरो. वर चढती कपात: पहिल्या दहा एकरांना २५ टक्के, पाचशेच्या वरच्यांना ९५ टक्के. फार सुंदर यंत्र आहे हे, मी दोन रात्री एक्सेलमध्ये नुसतं फिरवत बसलो. पण सिंधीच्या कामाचं नाही. पंजाबी शेतकऱ्याला निदान मोजायला जमीन होती. सिंधमधून आलेला बहुतेक शहरी, दुकान आणि उधारीची वही मागे ठेवून आलेला. उधारीला प्रमाण एकर कुठला लावणार?

आणखी एक गोष्ट या सगळ्यात सापडली, ती टाइमलाइनमध्ये कुठे बसवायची ते अजून ठरलेलं नाही. पोलिश बाई बराकीत होती तेव्हा तिचं काय करायचं याची खलबतं लंडनमध्ये आणि पुढे आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेत चालत होती. तिच्या नावाचा कागद जगभर फिरत होता. त्याच बराकीत राहायला आलेली सिंधी बाई त्या संघटनेच्या खात्यावर नव्हतीच. ती भारताची नागरिक, दिल्लीच्या पुनर्वसन मंत्रालयाच्या भाषेत ‘विस्थापित’. एकच खोली, एकच उंबरा, आणि दोन वेगळे शब्द.

पुढच्या नोंदीपर्यंतची कामं: प्शेमिशल-ल्वूफ पट्टीचं १९४७, त्यातली युक्रेनियन खेडी धरून, मुंबईच्या धक्क्यावरच्या माणसांसाठी पिंपरीचा हिशेब, आणि १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन होतं तेव्हा वळिवड्याच्या जमिनीची मालकी कोणाकडे जाते ते. नकाशात त्या जागेवर सध्या ‘पडीक’ असं लिहून ठेवलंय. आत्याला अजून दाखवलेलं नाही.