पानिपतचा नकाशा आणि एसएसबीचे पाच दिवस

बी.ए.ला इतिहास घेतला तेव्हा काकांनी विचारलं, "मग सैन्यात कसा जाणार?" उत्तर सैन्याच्या अधिकारी भरतीच्या सीडीएस परीक्षेच्या जाहिरातीतच होतं: डेहराडूनच्या आयएमएला, म्हणजे भारतीय लष्करी अकादमीला, कुठल्याही शाखेची पदवी चालते. लेखी परीक्षेत गणिताने घाम काढला, पण निभावलं.

लेखीनंतर एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीची पाच दिवसांची चाचणी. भोपाळला पहिल्या एसएसबीत पाचव्या दिवशी परत पाठवलं. माझ्या मते मी ग्रुप प्लॅनिंगमध्ये घसरलो. वाळूच्या मॉडेलवर एकाच वेळी चार संकटं, हाताशी मोजकी माणसं, लिहायला दहा मिनिटं. मी सगळीकडे सगळ्यांनाच पाठवत सुटलो.

घरी आल्यावर टी.वाय.ची वही काढली. सरांनी आमच्याकडून पानिपतचा नकाशा हाताने काढून घेतला होता. ऑक्टोबर 1760 मध्ये सदाशिवराव भाऊंच्या मराठी फौजेने दिल्लीच्या उत्तरेला कुंजपुरा जिंकलं आणि त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये आला. डिसेंबरात मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद आटली. छावणीत लढणाऱ्यांबरोबर हजारो बिनलढाऊ माणसांची पोटं. सर तारीख विचारत नसत. "त्या दिवशी भाऊंना काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं?" एवढंच विचारत. पुढचे सहा महिने मी रोज एक लढाई याच प्रश्नाने वाचली. 1728 च्या पालखेडला तर तीन वेळा परत गेलो. निजामाला मागे तोफा सोडायला लावून पाण्यावाचून कोंडणं ही चाल बाजीरावाने आधी नकाशात पाहिली असणार, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या खेपेला मुलाखतीत अधिकाऱ्यांनी विचारलंच, "भाऊंच्या जागी तुम्ही असता तर?" मी आधी सांगितलं, की 14 जानेवारीचा निकाल मला माहीत आहे, त्यांना नव्हता. मग म्हणालो, "कुंजपुऱ्याकडे वळण्याआधी यमुना ओलांडायच्या जागांवर पहारे बसवले असते." त्यांनी लगेच विचारलं, किती माणसं, कुठून काढणार, नदी किती लांब? पहारे विरळ पडले असते हे मला कबूल करावं लागलं. मग निदान बातमी वेळेवर कळावी म्हणून हलके स्वार ठेवले असते, असं म्हटलं. ते बराच वेळ लिहीत होते.

या वेळी प्लॅनिंगमध्ये मी आधी अंतरं आणि वेळ मांडली, जीव वाचवण्याचं काम सर्वांत वर घेतलं आणि उरलेल्या कामांना माणसं वाटली. पाचव्या दिवशी निवड झालेल्यांत माझा चेस्ट नंबर (छातीवर लावलेला उमेदवार क्रमांक) पुकारला. वैद्यकीय तपासणी झाली आहे, गुणवत्ता यादी यायची आहे. ती वही काकांनी वाचायला मागून नेली आहे.